कुंदावहिनींची एक वाचक

ज्या ॲपवर कुंदावहिनी गोष्टी लिहायच्या, तिथे कुणालाच स्वतःचं नाव नको असायचं. एक 'चांदणभूल' होती, एक 'अबोल वादळ' होतं, 'निःशब्द' तर तीन-चार होते आणि ते सगळे भरपूर बोलायचे. त्या गर्दीत एक नाव मात्र रेशन कार्डावरून उचलून ठेवल्यासारखं सरळ होतं : सौ. कुंदा काशिनाथ देसले, किन्हवली. खाली स्वतःबद्दल चार शब्द लिहायची जागा होती, तिथे लिहिलं होतं, 'ब्लाउज, फॉल, पिको करून मिळेल.'

"वहिनी, ती पिकोची ओळ तरी काढा," मी एकदा म्हणालो.

"का बरं? अनोळखी माणूस दारात आला तर पयलं आपण काय विचारतो, सर? कुठले तुमी? मग मी आधीच सांगून ठेवलं. आता वाचणाऱ्यानं सांगावं, तो कुठला."

वाचणारे ते कधीच सांगत नसतात, हे त्यांना कळायला वर्ष गेलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मुरबाडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून मी निवृत्त झालो आणि किन्हवलीला घरी येऊन बसलो. संध्याकाळी गावच्या वाचनालयात खुर्ची सांभाळतो. वाचनालय म्हणजे चार कपाटं, एक ट्यूबलाइट आणि देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक. फलकाची तब्येत पुस्तकांपेक्षा चांगली आहे. कुंदावहिनी तिथल्या जुन्या सभासद. त्यांचं दुकान म्हणजे घराची ओटी, बाजाराच्या रस्त्याला लागून. मशीन ओटीवर, गिऱ्हाईक पायरीवर, आणि तयार ब्लाउज दोरीवर. त्यांच्याकडून परत आलेल्या पुस्तकात खूण म्हणून कातरलेल्या कापडाची पट्टी हमखास राहिलेली असायची. त्यावरून वहिनी कुठल्या पानावर थांबल्या होत्या ते कळायचं, आणि या वर्षी लग्नांत कुठला रंग चालतोय तेही.

पुस्तक परत देताना त्या उभ्या उभ्या निकाल द्यायच्या. "ह्यातली ती नर्स लेखकानं उगाच मारली. पुढं काय करायचं सुचलं नसंल." किंवा, "माणूस हुशार हाय, पण ते त्याला फार ठाऊक हाय." एकदा एक जाडजूड आत्मचरित्र दुसऱ्याच दिवशी परत आणलं. मी विचारलं, इतक्यात झालं? म्हणाल्या, "नाय ओ. त्याचे सत्कार संपंनात."

त्यांच्या फोनवर ते ॲप घालून दिलं त्यांच्या मुलीनं, स्वतःच्या लग्नाआधी. आई दिवसभर एकटी मशीनवर बसते, तिला वाचायला काहीतरी असावं म्हणून. आईनं महिनाभर वाचलं आणि मग लिहायलाच बसली. गोष्टीचं नाव 'काळूकाठची मंजुळा'. मंजुळा नावाची मुलगी लग्नानंतर दोन वर्षांनी पिशवी घेऊन माहेरी, वैशाखऱ्याला येते. का आलीस, असं तिला कुणीच विचारत नाही. आई, भाऊ, शेजारपाजार, दळणवाला, सगळे एवढंच विचारतात, परत कधी जाणार? बस, गोष्ट ही. ती पुढे हळूहळू उलगडत जाणार होती. वैशाखरं हे वहिनींचंही माहेर, त्यामुळे मंजुळा कोण, असं गावात जो तो विचारायचा. "थोडी माझ्या चुलत बहिणीसारखी हाय, थोडी सासूबाईंसारखी," त्या म्हणायच्या. "आन उरली तेवढी माझी."

त्यांचा नवरा काशिनाथ आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात पाळीवर जायचा. मितभाषी माणूस. त्याची एकच तक्रार होती. "तिच्या त्या मंजुळेच्या नवऱ्याला जरा चांगला कर म्हणावं, सर. कंपनीतली लोकं माझ्याकडं बघतात."

वहिनी लिहायच्या म्हणजे बोलायच्या. हात कापडावर, पाय पायट्यावर, फोन सुईदोऱ्याच्या डब्याला टेकवलेला, आणि तोंडानं मंजुळा चाललेली. ॲप ते बोललेलं उतरवून घ्यायचं. मशीन थांबवून लिहिणं त्यांना उधळपट्टी वाटायची. पुन्हा वाचून बघणंसुद्धा. त्याचा परिणाम सातव्या भागात झाला. भागाचा शेवट असा छापला गेला :

'मंजुळा विहिरीच्या कडेला उभी राहिली. खाली पाण्यात तिला तिचाच चेहरा दिसला. तिनं डोळे मिटले आणि गळा मागून खोल नको गो सासूबाई रागावतील कधी पाहिजे बरं सोमवारी ये.'

वहिनींना कळायच्या आत त्याखाली प्रतिक्रिया येऊन पडल्या होत्या. 'निःशब्द'पैकी एकानं लिहिलं होतं, 'शेवटचं वाक्य अंगावर आलं. स्त्रीच्या तुटलेल्या जाणिवेचा असा प्रवाह मराठीत दुर्मीळ.' हे वाचून वहिनी इतक्या हसल्या की धागा तुटला. दुसऱ्या एकानं लिहिलं होतं, 'काकू, एक तर शिवण करा नाहीतर लेखन. दोन्ही भंगार.' हा त्यांच्या आयुष्यातला पहिला ट्रोल. आणि तिसरी प्रतिक्रिया 'पायवाट' या नावानं होती : 'ताई, शेवटच्या ओळी चुकून आल्यात वाटतं. दुरुस्त करा. पण ती सोमवारी येणारी मुलगी मला आवडली. तिच्या सासूबाई का रागावतात, तेही कधीतरी लिहा.'

वहिनींनी भाग दुरुस्त केला. आणि खरंच, दोन भागांनंतर मंजुळेच्या गावात एक मुलगी आली, जिचं सगळं सासूच्या रागावर बेतलेलं होतं. चांगली उतरली होती ती.

पायवाट प्रत्येक भाग वाचायची. ती बाई आहे, एवढं तिच्या 'वाचते', 'थांबले' यांवरून कळायचं. तिच्या प्रतिक्रियेत कधी फुलं नसायची, टाळ्या नसायच्या. दोन-तीन ओळी, पण गोष्टीच्या आत हात घालून लिहिलेल्या. 'मंजुळेचा भाऊ बायकोसमोर वेगळा बोलतो आणि आईसमोर वेगळा, हे तुम्ही न सांगता दाखवलंत.' 'आज ती रडली नाही ते बरं झालं.' एकदा लिहिलं, 'मंजुळेच्या सासूला तुम्ही आजवर एकदाही बोलू दिलं नाहीत. तिलाही काही म्हणायचं असेल.' ते वहिनींना लागलं. दोन दिवस पुस्तक न बदलताच वाचनालयात येऊन बसल्या.

"तिला काय म्हणायचं असंल ओ, सर?"

"कुणाला?"

"सासूला. मी नुसती तिला दारात उभी केली आन शिव्या घालायला लावल्या. ही पोरगी बोलते ते खरं हाय. पण मला ती सासू आतून दिसंना."

पायवाट कोण असेल, यावर त्यांचे तर्क चालायचे. कल्याणची नाही, तिथं इतका टाइम कुणाला असतो. एकदा तिनं लिहिलं होतं, 'आमच्याकडे दोन दिवस लाइट नव्हती म्हणून उशिरा वाचते आहे.' एवढ्यावरून वहिनींनी तिला खर्डीकडे कुठेतरी राहायला घातली, लग्न लावून दिलं आणि एक लहान मूलही दिलं. दुकानात एखादी नवी सून माप द्यायला आली की टेप खांद्यावर लावता लावता विचारायच्या, "वाचतेस काय गो फोनवर?" ती बिचारी घाबरून नाही म्हणायची.

इकडे ट्रोल वाढत होते. त्यांना उत्तर द्यायचं नसतं, हे मी वहिनींना समजावून पाहिलं. शहाण्या माणसांनी वर्तमानपत्रांतून सांगितलेलं मी पुन्हा सांगत होतो, त्यामुळे माझ्या आवाजाला थोडं वजनही आलं असावं.

"वा!" वहिनी म्हणाल्या. "दारात येऊन शिवी हासडून गेला आन मी गप बसू? मग विहिणी काय म्हणतील?"

विहिणींचा संबंध मला तेव्हा कळला नाही, पण त्यात सगळं होतं. आमच्या भागात हळदीला आणि लग्नाला नवरीकडच्या आणि नवऱ्याकडच्या बायका समोरासमोर बसून एकमेकींना गाण्यातून शिव्या घालतात. विहिणीचं नाक, तिची चाल, तिच्या घरची आमटी, तिच्या नवऱ्याचं टक्कल, काही सुटत नाही. जिच्यावर गाणं जुळवलं तिनं पदर खोचून त्याहून झणझणीत परतवायचं. जी गप्प बसली तिची कीव करतात. कुंदावहिनी या कामात दोन तालुक्यांत नावाजलेल्या होत्या. वरातीआधी निरोप यायचे, "वहिनी येणार ना? समोरून टोकावड्याची पार्टी हाय, आमचा निभाव लागायचा नाय." त्यामुळे 'दोन्ही भंगार' असं लिहिणारा त्यांच्या हिशेबी समोरच्या मांडवातला पाहुणा होता. त्यांनी मशीन चालवता चालवता उत्तर बोलून टाकलं :

'लिहून शिवते, शिवून लिहिते, कामाला मी भीत नाय,
शिव्या देणाऱ्या बाळा तुला घरी काही काम नाय?'

लोकांना ते आवडलं. मग 'शब्दसम्राट' नावाचा एक जण आला. फोटोच्या जागी सिंह. त्यानं लिहिलं, 'आधी प्रमाण मराठी शिका, मग साहित्यात पाऊल ठेवा.' त्याला गेलं :

'सम्राट आले, सम्राट आले, मांडव घाला दारी,
सिंहाचा लावलाय फोटो, मांजर दिसतंय घरी.'

हे मांजर कुठल्या कुठे गेलं. कुणीतरी त्याचा फोटो काढून पाठवला, तो मुरबाड, शहापूर, कल्याण करत आमच्याच वाचनालयाच्या ग्रुपवर मला 'वाचा आणि हसा' म्हणून परत आला. पाठवणाऱ्याला लेखिका इथलीच आहे हे ठाऊक नव्हतं. सम्राटानं नाव बदललं. पुढे तर लोक मुद्दाम शिवी द्यायला यायचे, आपल्यालाही दोन ओळी मिळाव्यात म्हणून. 'कुंदाताई फॅन्स' असा एक गट निघाला. त्यातल्या मंडळींना वाद कशावरून आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. वहिनींनी एकाला दोन ओळी मारल्या की हे दोनशे जण त्याच्यावर तुटून पडायचे.

मग व्हायचं ते झालं आणि त्यांचा सत्कार झाला. मुरबाडच्या एका मंगल कार्यालयात, एका सांस्कृतिक मंडळातर्फे. असल्या कार्यक्रमांना मी सहसा जात नाही, पण वहिनींबरोबर कुणीतरी हवं आणि काशिनाथची दुपारपाळी, म्हणून गेलो. व्यासपीठावर अकरा खुर्च्या, समोर त्याहून थोडी जास्त माणसं. सूत्रसंचालकानं त्यांना 'समाजमाध्यमांवरील रणरागिणी' म्हटलं. दुसऱ्या वक्त्यानं रणरागिणीत 'वाघीण' मिळवली. अध्यक्ष पाऊण तास बोलले. मंडळ कसं उभं राहिलं, त्यात त्यांचा वाटा किती, आणि आजकाल वाचनसंस्कृती कशी लोप पावते आहे. मग सगळ्यांनी मिळून आग्रह केला, ते मांजरवालं म्हणून दाखवा. वहिनींनी म्हटलं. टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ, आणि दौतीत खोचलेलं सोनेरी पीस असलेलं सन्मानचिन्ह. बाईनं जन्मात पेन हातात घेऊन चार पानं लिहिली नव्हती.

चहाच्या वेळी वहिनींनी अध्यक्षांना विचारलं, "मंजुळा वाचलीत का तुमी?"

"वाचायला वेळ कुठे मिळतो, ताई," ते उदारपणे म्हणाले. "पण मांजर मी स्वतः चार ग्रुपवर टाकलं."

परतताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या. सन्मानचिन्ह मांडीवर. सरळगाव गेल्यावर म्हणाल्या, "इतके बोलले, पण मंजुळेचं नाव एकानं घेतलं नाय." मी काहीतरी सांत्वनाचं जुळवत होतो, तेवढ्यात त्याच पुढे म्हणाल्या, "पण हसले किती ओ, सर! शेवटच्या रांगेतली म्हातारी तर डोळे पुसत होती." आणि खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसल्या. मला त्या हसण्याची जरा काळजी वाटली. लिहिणाऱ्याला आपण कशासाठी आवडतो हे एकदा कळलं, की तो बाकीचं सोडून देऊ लागतो. मी मोठमोठ्यांचं तसं झालेलं वाचलं आहे. वहिनींचंही झालं.

मंजुळेचे भाग आखूड होऊ लागले. मंजुळा उठायची, चूल पेटवायची, कुणीतरी येऊन टोमणा मारायचं, मंजुळा त्याला दोन ओळींत गार करायची आणि भाग संपायचा. विहिरीच्या कडेला उभी राहणारी ती मुलगी पार निघून गेली आणि तिच्या जागी हळदीला गाणाऱ्या कुंदावहिनी येऊन बसल्या. गोष्टीखालच्या प्रतिक्रियांत बदाम, टाळ्या, ज्वाळा. पायवाट बरेच दिवस काही लिहीत नव्हती.

लग्नसराईचे दिवस होते. ओटीवर सात-आठ बायका, पायरीवर कापडाच्या पिशव्या, आणि आत मी काशिनाथबरोबर चहा पीत बसलेलो. वहिनींचा फोन वाजला. एक बाई म्हणाली, "कोणी आला वाटतं मार खायला!"

"वाच गो," वहिनी म्हणाल्या. हातात कात्री होती.

तिनं मोठ्यानं वाचलं. पायवाटेनं लिहिलं होतं : 'ताई, गेल्या काही भागांत मंजुळा कुठेच भेटली नाही. तुम्ही भांडता छान. पण मी भांडण वाचायला आले नव्हते. ती का परत आली हे मला अजून जाणून घ्यायचं आहे. सांगाल का?'

वहिनींचा हात थांबलेला मी दारातून पाहिला. मग कोणीतरी म्हणालं, "अगो बाय! ही तर मास्तरीण निघाली!" दुसरी म्हणाली, "फुकटात वाचायचं आन वर नाक मुरडायचं." आणि तिसरी, "सोडू नका हां वहिनी. होऊन जाऊ द्या."

सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. मांडवात बघतात तशा. वहिनींनी फोन तोंडाजवळ घेतला.

'आली आली पायवाट, मागते चांदीचं ताट,
फुकट जेवली रोज, आता खारट म्हणते भात!'

ओटी हसून लोळली. वहिनीही हसल्या. मी चप्पल घालून बाहेर येईपर्यंत ते जाऊन पडलं होतं आणि त्याखाली ज्वाळा पेटायला लागल्या होत्या.

पुढचं मी संध्याकाळी वाचलं. फॅन्सनी आपलं काम चोख केलं होतं. तू स्वतः चार ओळी लिहून दाखव. तू स्वतः नवऱ्याला सोडून आलीस का, म्हणून एवढी चौकशी? कुणी तिच्या जुन्या प्रतिक्रियांखाली जाऊन एकेक शिवी चिकटवून आला होता, सातव्या भागापर्यंत मागे मागे. एकानं लिहिलं होतं, 'हिचा खरा पत्ता शोधू या का?' त्याला चाळीस बदाम होते. आणि या सगळ्यात मध्येच कुठेतरी तिच्या दोन ओळी होत्या. 'ताई, फुकट वाचत होते हे खरं आहे. माझी परिस्थिती तुमच्या मंजुळेसारखीच आहे, म्हणून विचारलं. माफ करा.'

वहिनींनी ते वाचलं तोवर ती गेली होती. नावाच्या जागी 'हा वाचक आता उपलब्ध नाही' असं आलं होतं. दुसऱ्या दिवशी तेही गेलं, आणि तिच्याबरोबर सातव्या भागापासूनच्या तिच्या सगळ्या प्रतिक्रिया गेल्या. खातं बंद केलं की तसं होतं म्हणे. मंजुळेचे भाग उघडून बघितले तर खाली फुलं, बदाम, 'निःशब्द' आणि शिव्या. जी एकटी गोष्ट वाचत होती, तिचं काहीच शिल्लक नव्हतं.

दोन दिवसांनी वहिनी वाचनालयात आल्या. हातात पुस्तक नव्हतं. समोरच्या बाकावर बसल्या.

"सर, मांडवात आमी एवढ्या शिव्या घालतो. आजवर कोणी रडत घरी गेली नाय. का, ठाऊक हाय?"

"का?"

"गाणं झालं की पंगत बसते. जिला सगळ्यात जास्त बोलली असंल, तिच्या पानाशी मी सोता जाते. लाडू नायतर जिलबी, काय असंल ते हातानं तिच्या तोंडात घालते. ती माझ्या तोंडात घालते. तवा ते गाणं संपतं. तोवर संपत नाय." त्यांनी पदर आवरून घेतला. "हिला मी घास कुठं नेऊन घालू?"

मी वर्षानुवर्षं मुलांना रसग्रहण शिकवलं आहे. त्या वेळी मी नुसता टेबलावरची पुस्तकं सारखी करत राहिलो.

त्यांनी शोधायचा प्रयत्न केला. ॲपवाल्यांना लिहिलं, म्हणजे मी लिहून दिलं. तिकडून उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि शेवटी एक हसरा चेहरा. मग वहिनींनी सगळ्यांसमोर माफी मागितली. यमक न जुळवता, साध्या वाक्यांत. 'पायवाट, मी चुकले. तू बरोबर बोललीस. कुठं असशील तिथून एकदा ये.' फॅन्सना वाटलं ही नवीन गंमत आहे. 'ताई, पुढची ओळ?' 'आता कुणाचा नंबर?' असं विचारू लागले. एक जण तर पायवाट नाव घेऊन आला आणि 'मी आले ताई, जेवायला वाढा' असं लिहून गेला. वहिनींनी त्याला अर्धा दिवस खरं मानलं. तो खोटा आहे हे मला पहिल्या ओळीत कळलं होतं, त्यांना कळायला अर्धा दिवस लागला, कारण त्यांना ते खरं व्हायला हवं होतं. त्या अर्ध्या दिवसात त्यांनी त्याला लिहिलं होतं, 'बाय, तुला त्रास हाय का सासरी? माझ्याकडं येऊन राहा. किन्हवलीला उतरून कोणालाही विचार.' हेही मग चार ग्रुपवर फिरलं.

त्यानंतर त्यांनी एकाही शिवीला उत्तर दिलं नाही. फॅन्स आठवडाभर थांबले आणि दुसरीकडे कुठेतरी भांडण लागलं तिकडे गेले. मी समजलो, मंजुळा संपली. बऱ्याच लिहिणाऱ्यांचं असंच संपतं आणि त्यात जगाचं फारसं नुकसान होत नाही.

पण जूनमध्ये एका दुपारी त्यांच्या घरावरून गेलो तर मशीन बंद. लाइट होती, ओटीवर कापड पडलेलं होतं, आणि वहिनी भिंतीला टेकून फोनवर एका बोटानं एकेक अक्षर दाबत होत्या. काशिनाथ मला बाहेरच म्हणाला, "आत नका जाऊ, सर. सासूचं चाललंय." आणि मग हळूच, "पहिली बडबडायची ते बरं होतं. आता घर कसं गप गप वाटतं."

तो भाग मी वाचला. मंजुळेची सासू पहाटे एकटी उठते. सून गेल्यानंतर तिनं सुनेची लुगडी कुणाला दिलेली नाहीत. ती त्यांच्या घड्या मोडते आणि पुन्हा घालते. मुलगा कसा आहे हे तिला त्याच्या लहानपणापासून ठाऊक आहे. सून पिशवी भरत होती तेव्हा ती मुद्दाम मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसली होती, आवाज करत, म्हणजे मुलाला पिशवीची चाहूल लागू नये. हे तिनं सुनेला कधी सांगितलेलं नाही. सुनेला वाटतं, जाताना सासू उठूनसुद्धा आली नाही. भाग एवढाच. त्यात एकही टोमणा नव्हता. मंजुळा का परत आली, हे कुणीही न सांगता कळत होतं.

मी वहिनींना सांगायला गेलो की हे उत्तम झालं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग मला दिसलं की भागाखाली प्रतिक्रियेची जागाच नव्हती. त्यांनी ती बंद करून टाकली होती, सगळ्या भागांची.

"पण वहिनी, समजा ती दुसऱ्या नावानं आली, तर बोलणार कशी तुमच्याशी?"

"नाय बोलू दे," त्या म्हणाल्या. "तिला 'सांगाल का' म्हणून विचारायची पाळी मी आणली, तेच फार झालं. आता तिला कोणी काय बोलायला नको, आन तिनं कोणाला. आली असंल तर वाचून जाईल."

"आणि आली नसेल तर?"

त्यांनी सुईत दोरा ओवला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा गेला.

गेल्या वर्षी काशिनाथ निवृत्त झाला आणि दोघं नाशिकला मुलीकडे राहायला गेली. ओटी भाड्यानं दिली आहे, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जायच्या आधीच्या आठवड्यात शहापूरच्या एसटी स्टँडवर मला वहिनी दिसल्या. मी बाकाशेजारच्याच टपरीवर होतो. त्या बाकावर बसल्या होत्या, पायाशी दोन पिशव्या. शेजारी पंचविशीची एक मुलगी, मांडीवरचं मूल झोपलेलं, आणि तिच्या हातात फोन. ती वाचत होती. बोटानं वर सरकवण्याची लय असते ना, गाणी बघणाऱ्याची वेगळी आणि वाचणाऱ्याची वेगळी, त्यावरून टपरीवरूनही कळत होतं. वहिनी किंचित तिच्या बाजूला झुकल्या. मुलीच्या ते लक्षात आलं. तिनं फोन छातीशी घेतला.

"काय पाहिजे, काकी?"

"काय नाय गो," वहिनी म्हणाल्या. "वाच तू."

त्या पुन्हा सरळ बसल्या आणि समोरच्या भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघू लागल्या. थोड्या वेळानं मुलीनं फोन पुन्हा समोर धरला. किन्हवलीची गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा गावाचं नाव पुकारलं. पिशव्या उचलायच्या तर मुलीला त्यांना टेकलेले पाय काढायला सांगावं लागलं असतं, मूल जागं झालं असतं. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. गाडी निघून गेली. मुलगी वाचत होती, आणि त्या तिच्या शेजारी, अंग चोरून, आवाज न करता बसून राहिल्या होत्या.